मजकूर कोणाच्या हाती?

स्वतःचे संकेतस्थळ काढणारा माणूस सॉफ्टवेअर निवडताना आधी सोय पाहतो. बसवायला सोपे आहे का, देखणे आहे का, फुकट आहे का? हे प्रश्न गैर नाहीत. पण ब्लॉगच्या सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास तपासला, तर लेखन टिकले की नाही हे दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरलेले दिसते: परवाना कोणते हक्क देतो आणि लिहिलेले सगळे बाहेर काढता येते का. २००१मध्ये बेन आणि मीना ट्रॉट या अमेरिकी दांपत्याने मूव्हेबल टाइप आणले. पर्ल या संगणकभाषेत लिहिलेले हे ब्लॉगचे सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर आपणच चढवायचे. नवा लेख टाकला की ते संबंधित पाने पुन्हा बांधून साध्या एचटीएमएल फायलींच्या रूपात ठेवून देई. मनापासून लिहिणाऱ्यांनी ते उचलून धरले. वैयक्तिक वापराला पैसे पडत नव्हते, पण अटी ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी ट्रॉट यांच्या कंपनीचा होता. मे २००४मध्ये ३.० ही आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा विनामूल्य परवाना एक लेखक आणि तीन ब्लॉग एवढ्यावर आला. कंपनीने नंतर अटी सैल केल्या, पण तोवर अनेक जण वर्डप्रेसकडे वळले होते.

वर्डप्रेस तेव्हा जेमतेम एक वर्षाचे होते आणि त्याचा जन्मच परवान्यामुळे झाला होता. मिशेल वाल्द्रिगी यांच्या बीटू या सॉफ्टवेअरचे काम थंडावले, तेव्हा ते वापरणाऱ्या मॅट मुलेनवेग यांनी जानेवारी २००३मध्ये ‘आता कोणते सॉफ्टवेअर घ्यावे’ हा पेच आपल्या ब्लॉगवर मांडला. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी मदतीची तयारी दाखवली. बीटूला जीपीएल, म्हणजे कोड कोणालाही वापरू आणि बदलू देणारा परवाना होता, म्हणून कोणाची परवानगी न मागता दोघांनी त्याच कोडवर काम चालू केले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मूळ कर्ता थांबला, तरी काम थांबले नाही.

सामान्य लेखकाला कोड वाचता येत नाही, मग परवान्याचे त्याला काय, असे कोणी म्हणेल. पण बीटूच्या बहुसंख्य वापरकर्त्यांनाही कोड येत नसणारच. ज्यांना येत होता त्यांना हात घालण्याची मोकळीक होती, याचा लाभ सगळ्यांना झाला. मराठीतही हेच दिसते. मायबोली आणि मिसळपाव ही संकेतस्थळे ड्रूपल या जीपीएल सॉफ्टवेअरवर चालली. देवनागरी टंकलेखनाची सोय त्यात बसवण्यासाठी कोणाच्या दारी जावे लागले नाही. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी पोट कशावर भरायचे? ट्रॉट दांपत्याला दाम मागण्याचा पूर्ण हक्क होता, आणि त्यांच्या पदरी एक मोठे श्रेयही घालायला हवे. मूव्हेबल टाइपमधून सगळे लेख एका साध्या मजकुराच्या फायलीत उतरवता येत: वेगवेगळ्या ओळींवर लेखक, शीर्षक, तारीख, मग लेख, त्याखाली प्रतिक्रिया, आणि लेख संपला की ओळीने आठ आडव्या रेघा. वर्डप्रेसला ती फाइल वाचता येत होती, म्हणूनच लोकांना वर्षानुवर्षांचे लेखन न गमावता स्थलांतर करता आले. उलट याहूने २००९मध्ये जिओसिटीज ही फुकट संकेतस्थळांची सेवा बंद केली, तेव्हा मुदतीत ज्यांनी पाने उतरवून घेतली नाहीत, त्यांतल्या अनेकांच्या हाती काहीच उरले नाही.

मुक्त सॉफ्टवेअर घेतले की निर्धास्त झालो, असे मात्र नाही. डिसेंबर २००४मध्ये सँटी नावाच्या संगणकी किड्याने पीएचपीबीबी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या हजारो चर्चास्थळांची पाने पुसली. दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्येच आली होती. ज्यांनी ती चढवली नव्हती, ते सापडले. हक्काबरोबर देखभाल येते, आणि ती जमणार नसेल तर दुसऱ्याच्या सर्व्हरवर लिहिणे हाही शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. अट एकच: निवड करण्यापूर्वी दोनचार लेख लिहून ते बाहेर काढून पाहावेत आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात का, हे तपासावे. रंगरूप नंतर कधीही बदलता येते. बाहेर पडण्याची वाट नसेल, तर ती नंतर मागून मिळत नाही.