पूंछच्या दोन तारा

२२ नोव्हेंबर १९६३ ही तारीख जगाच्या स्मरणात राहिली ती अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे. डॅलस शहरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती. त्याच दिवशी, त्या मध्यरात्रीच्या कितीतरी आधी, जम्मू-काश्मीरमधील युद्धबंदी रेषेजवळच्या पूंछ येथे भारतीय हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर कोसळले आणि आतील सहाही जण मृत्युमुखी पडले. डॅलसच्या वार्तेचा कल्लोळ एवढा मोठा होता की, पूंछची वार्ता त्याखाली दबून गेली. आज तर ती लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज फारशा कोणाला ठाऊकही नाही.

मृतांची नावे हुद्द्यांसह वाचली म्हणजे त्या अपघाताचे गांभीर्य ध्यानात येते. पश्चिम विभागाचे सरसेनानी लेफ्टनंट जनरल दौलतसिंग. त्यांच्या हाताखालील पंधराव्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बिक्रमसिंग. त्या कोअरमधील पंचविसाव्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल नानावटी. त्या डिव्हिजनमधील ९३ व्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर ओबेरॉय. पश्चिम हवाई विभागाचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो. आणि वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सोढी. सिमल्याच्या मुख्य ठाण्यात निघालेला हुकूम पूंछच्या खंदकातील शिपायापर्यंत ज्या पायऱ्यांनी उतरत असे, त्या शिडीच्या वरच्या चारही पायऱ्या एका क्षणात निखळल्या. शिवाय त्या आघाडीला आकाशातून साहाय्य देणारा अधिकारीही त्यांच्याबरोबरच गेला. लढाईत शत्रूला जे साधणे जवळजवळ अशक्य, ते शांततेच्या काळात घडून आले.

ही माणसेही सामान्य नव्हती. चीनशी झालेले युद्ध संपून त्या आठवड्यात बरोबर एक वर्ष होत होते. त्या युद्धात ईशान्येकडील आघाडी कोसळली. लडाखमध्ये मात्र माघार घ्यावी लागली तरी सैन्याची घडी विस्कटली नाही. तेथील सूत्रे दौलतसिंग आणि बिक्रमसिंग यांच्याकडे होती. लडाखमधील आपले बळ तोकडे आहे, धोरण आखताना हाती असलेल्या सामर्थ्याचा विचार व्हावा, असे ऑगस्ट १९६२ मध्येच दौलतसिंगांच्या पश्चिम विभागाने दिल्लीला लेखी कळविले होते. दिल्लीने त्या इशाऱ्याची वेळीच दखल घेतली असती तर, असे वाटल्याखेरीज राहत नाही. बिक्रमसिंग जम्मूच्या जनतेत विलक्षण लोकप्रिय होते.

पिंटो यांचे नाव गोव्याच्या आणि बेळगावच्या वाचकांना तरी परके वाटू नये, आणि त्याचे कारण त्यांचे आडनाव नव्हे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईतील हवाई बाजू त्यांच्याकडे होती. पुणे आणि बेळगावजवळचे सांबरे येथील तळांवरून विमाने उडाली. दाभोळीची धावपट्टी निकामी करावी, पण तेथील इमारतीला धक्का लावू नये. बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडावे, असे आदेश त्यांना होते. १८ डिसेंबर रोजी कॅनबेरा विमानांनी दाभोळीवर दोनदा बाँब टाकले, ते धावपट्टीवरच. विमानतळाची इमारत शाबूत राहिली. ज्या मुलखात आपल्याला उद्या नांदायचे आहे, त्याचा विध्वंस न करता विजय मिळवायचा, ही त्या कारवाईची मर्यादा होती आणि पिंटो यांनी ती पाळली.

आता साहजिकच विचारले जाईल की, एवढे अधिकारी एकाच यंत्रात बसलेच कसे? याचे उत्तर पूंछच्या भूगोलात आणि हेलिकॉप्टरच्या गुणांत आहे. पूंछ डोंगरांच्या कुशीत, नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. १९४७ च्या नोव्हेंबरपासून सुमारे वर्षभर त्याला वेढा पडला होता, तेव्हा ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांनी ते लढविले आणि डकोटा विमानांनी आणलेल्या धान्यावर व दारूगोळ्यावर ते जगले. अशा ठिकाणी मोटारीने जायचे तर दिवस मोडतो. फ्रेंच बनावटीचे अॅलुएट-३ हे हेलिकॉप्टर नुकतेच आपल्या हवाई दलात आले होते. १९६० साली याच जातीचे हेलिकॉप्टर सात माणसे घेऊन आल्प्समधील मॉं ब्लां शिखरावर उतरले होते. पुढे बंगळूरच्या कारखान्यात ‘चेतक’ या नावाने ते तयार होऊ लागले. वैमानिकासह सात जणांची सोय, आणि डोंगर ओलांडायला काही मिनिटे! वरिष्ठ पाहणीला निघाले की स्थानिक अधिकाऱ्याने सोबत असावे, ही लष्कराची रीतच. रिकाम्या जागा भरत गेल्या. कोणी एकाने अविचार केला असे म्हणता येत नाही. सोयीनेच तो घडवून आणला.

अपघाताची वार्ता फुटताच पहिला शब्द उमटला तो घातपाताचा. सीमा जवळ, मृत पावले ते निवडक सेनानी, आणि चीनच्या युद्धाची जखम अजून ओली. अशा वेळी शत्रूचा हात दिसणे अगदी मानवी होते. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यालाही वर्षच लोटले होते. खचलेल्या सैन्याला उभे करण्याचे काम ज्या सेनानींच्या बळावर करायचे, त्यांपैकी काही त्यांनी एका दिवसात गमावले आणि संसदेपुढे उभे राहून त्याचे निवेदन करण्याची पाळी त्यांच्यावर आली. देशाला आवडले असते असे उत्तर शत्रूकडे बोट दाखविणारे होते. चौकशीने ते दिले नाही. घातपाताचा संशय तिने दूर केला. हेलिकॉप्टर टेलिग्राफच्या दोन समांतर तारांना धडकले आणि कोसळले, असा तिचा निष्कर्ष होता.

दोन तारा! हे उत्तर इतके क्षुल्लक वाटे की, अनेकांचे त्यावर समाधान होईना. एवढ्या मोठ्या माणसांच्या मृत्यूला कारणही तेवढेच मोठे असावे, अशी मनाची ओढ असते. परंतु हेलिकॉप्टर उडविणाऱ्याला तारांचे भय किती असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. विमान उंचावरून जाते. हेलिकॉप्टरचा उपयोगच मुळी खाली उडण्यात, दरीतून वाट काढण्यात आहे. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर ताणलेली तार मागच्या डोंगराच्या रंगात मिसळून जाते. खांब दिसतात, पण तेही झाडीत किंवा खडकाआड असले म्हणजे इशारा कोण देणार? ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणारे यंत्र एका सेकंदात ४० मीटरहून अधिक पुढे सरकते. तार दिसेपर्यंत वळायला अंतर उरलेले नसते, आणि पंख्याला ती लागली की वैमानिकाच्या कौशल्याला वावच राहत नाही. सोढी यांची बाजू सोढींना मांडता आली नाही, एवढे त्यांच्याविषयी बोलताना ध्यानात ठेवले पाहिजे.

मराठीत ‘तार’ या शब्दाला दोन अर्थ. तार म्हणजे ताणलेला धातू आणि तार म्हणजे तीवरून आलेली बातमी. ‘तार आली’ एवढे दोन शब्द ऐकून घरातील बायकामाणसांच्या डोळ्यांत पाणी येत असे, तो काळ फार जुना नाही. तारसेवा बंद झाली ती जुलै २०१३ मध्ये. पूंछला मात्र जी तार दूरच्या माणसाला जवळ आणण्यासाठी बांधली होती, तीच आडवी आली.

असा प्रसंग एकदा टळला होता, हे याहून खेदाचे. फेब्रुवारी १९५२ मध्ये लखनौहून निघालेल्या एका लहान डेव्हन विमानात श्रीनागेश, थिमय्या आणि कोल्हापूरचे थोरात यांच्यासारखे सेनानी एकत्र होते. वाटेत एका इंजिनाने पेट घेतला. वैमानिक सुहास बिस्वास यांनी जळते विमान संडिल्याजवळच्या मोकळ्या रानात उतरविले आणि सगळे वाचले. बिस्वास यांना अशोकचक्र मिळाले. हवाई दलातील ते पहिले मानकरी. श्रीनागेश आणि थिमय्या पुढे एकामागून एक लष्करप्रमुख झाले. सुटका झाली की माणूस सुटकेचा आनंद मानतो आणि ती कशातून झाली ते विसरतो. पूंछनंतर मात्र अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकाच विमानातून प्रवास करू नये, हा दंडक कडकपणे घालण्यात आला.

डिसेंबर १९६३ मध्ये माणेकशा पश्चिम विभागाचे प्रमुख झाले. वर्षभरात त्यांच्या जागी हरबक्षसिंग आले, आणि १९६५ चे युद्ध त्यांनी लढविले. त्या ऑगस्टमध्ये हाजीपीर खिंड घेण्यासाठी याच पूंछच्या डोंगरांत सैन्य हलले. रिकाम्या झालेल्या जागा भरल्या गेल्या. त्या माणसांचा अनुभव मात्र त्यांच्याबरोबर गेला तो गेलाच.

तारांविरुद्धही पुढे उपाय निघाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात हेलिकॉप्टरच्या टपावर आणि पोटाखाली बसविण्याची पाती तयार झाली. समोर आलेली तार ती कापून टाकतात. दऱ्यांवरील तारांना भडक रंगाचे गोळे अडकविण्याची पद्धतही रूढ झाली आहे. पण दरीचे भय तारांपुरते नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी निलगिरीत कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर कोसळले, तेव्हाही अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचीच कुजबुज देशभर सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला: घातपात नाही, यंत्रात बिघाड नाही, हवामान अवचित पालटून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला दिशेचे भान राहिले नाही. पूंछला तार होती, येथे ढग होता.

जम्मू शहरात तवी नदीजवळ एक गजबजलेला चौक आहे. त्याला बिक्रम चौक म्हणतात.