जाळे विणणाऱ्यांच्या सभा

गेल्या पावसाळ्यात आमच्या देवस्थानाच्या समितीपुढे एक साधा अर्ज आला. संगणकाच्या व्यवसायात नोकऱ्या करणारी गावातील व आसपासची वीस-पंचवीस मुलेमुली. त्यांना महिन्यातून एका शनिवारी दुपारी अग्रशाळेतील मोठी खोली हवी होती. वेबवर काम करणाऱ्यांचा मेळावा भरवावयाचा, एकाने केलेले काम दुसऱ्याला दाखवावयाचे, अडलेले विचारावयाचे आणि चहा घेऊन घरी जावयाचे, इतकाच त्यांचा बेत होता. विजेचा खर्च ते देणार होते. समितीने अर्ज कायदेशीर अभिप्रायासाठी आमच्याकडे धाडला, आणि वकिलाच्या हाती पडलेल्या अर्जाचे जे होते तेच त्याचेही झाले. आम्ही तीन हरकती काढल्या. अर्जदार ही नोंदलेली संस्था नाही. येणाऱ्यांत महाजन कोण व परके कोण याचा उलगडा नाही. आणि सभेला अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही, तेव्हा तिला सभा म्हणावे कसे? अर्ज पडून राहिला.

अर्जदारांपैकी एक मुलगी आमच्या परिचयाच्या घरातली. तिने एके दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर गाठून विचारले, “काका, तुम्ही दाखल्याशिवाय बोलत नाही म्हणतात. आमच्या सभांचे दाखले पाहिलेत का?” आम्ही पाहिले नव्हते. पुढे दोन महिने फावल्या वेळात ते पाहिले. आणि जे आढळले ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

पहिला दाखला अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताचा. ५ मार्च १९७५ च्या संध्याकाळी मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या घराच्या मोटारखान्यात बत्तीसेक माणसे जमली. सभेची हाक फ्रेंच यांच्या जोडीने फ्रेड मूर या शांततावादी कार्यकर्त्याने दिली होती. निमित्त होते ‘अल्टेअर ८८००’ नावाच्या, घरी सुटे भाग जोडून तयार करता येणाऱ्या संगणकाचे. त्या काळी संगणक म्हणजे सरकार, विद्यापीठे व मोठ्या कंपन्या यांच्या मालकीची वस्तू. सामान्य मनुष्याने ती घरी ठेवावी ही कल्पनाच हास्यास्पद होती. ह्या मंडळींनी आपल्या मेळ्याला ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ असे नाव दिले. पुढे माणसे मावेनात, म्हणून सभा स्टॅनफर्ड येथील एका संशोधनकेंद्राच्या सभागृहात भरू लागली.

तेथे सभा चालविण्याची रीत मोठी मनोवेधक होती. ली फेल्सेन्स्टाइन हे सूत्रसंचालन करीत. सभेचे भाग दोन. पहिल्यात, ज्याला काही हवे आहे किंवा ज्याच्यापाशी देण्यासारखे काही आहे, त्याने उभे राहून तेवढेच सांगावयाचे. दुसऱ्यात सभेची बांधणी सोडून द्यावयाची आणि ज्याने त्याने आपल्या उपयोगाचा माणूस गाठावयाचा. व्यासपीठावरून उपदेश नाही, हारतुरे नाहीत. पहिल्याच सभेस हजर असलेला स्टीव्ह वॉझनियॅक हा तरुण अभियंता ह्याच मंडळीत आपल्या संगणकाच्या आराखड्याच्या प्रती फुकट वाटीत असे. आणि त्याच संगणकाच्या आधारावर एप्रिल १९७६ मध्ये ‘ॲपल’ ही कंपनी उभी राहिली. देणे आणि धंदा यांत वैर आहेच असे समजण्याचे कारण नाही.

तथापि वकिलाने दुसरा पक्षही ऐकला पाहिजे. अल्टेअरसाठी बिल गेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिक ह्या संगणकभाषेची आवृत्ती तयार केली होती. तिच्या छिद्रांकित कागदी पट्टीच्या प्रती ह्या क्लबातून हातोहात वाटल्या गेल्या. गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी खुले पत्र लिहून ही चोरी असल्याचे ठणकावले. त्यांची तक्रार कायद्याच्या दृष्टीने निराधार नव्हती. आपले वाटणे आणि दुसऱ्याचे वाटणे यांतला फरक त्या सभेने ओळखला नाही, हा तिच्यावरचा डाग आम्ही पुसू इच्छित नाही.

दुसरा दाखला वेबचा स्वतःचा. जिनिव्हाजवळील सेर्न ह्या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या परस्पर जोडलेल्या पानांची योजना मांडली. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सस प्रांतातील सॅन अँटोनियो येथे ह्याच विषयावरील विद्वानांची परिषद भरणार होती. बर्नर्स-ली व त्यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी आपला निबंध धाडला. परीक्षकांनी तो नाकारला! एका मेजावर प्रात्यक्षिक दाखविण्याची परवानगी तेवढी मिळाली. उतरण्याच्या ठिकाणी इंटरनेटची सोय नव्हती. दूरध्वनीची तार ओढून, जवळच्या विद्यापीठामार्फत जोडणी साधून, त्यांनी आपले जाळे लोकांना दाखविले. दोन वर्षांनी त्याच परिषदेत मांडलेली बहुतेक प्रात्यक्षिके वेबशी संबंधित होती. परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे काय मोठे होणार हे निबंधावरून ओळखणे कोणालाही कठीण. परंतु परिषदेच्या मोठ्या दाराने जे परत पाठविले ते तिच्या ओसरीवरच्या मेजाने आत घेतले, हे विसरता येत नाही.

यानंतरची घटना कायद्याच्या अभ्यासकाने जपून ठेवावी अशी आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सेर्नने एका छोट्याशा लेखाने वेबच्या मूळ आज्ञावलींवरील आपले स्वामित्व सोडून त्या सर्वांस खुल्या केल्या. त्याच वर्षाच्या आरंभी मिनेसोटा विद्यापीठाने वेबच्या तोडीच्या ‘गोफर’ ह्या आपल्या व्यवस्थेसाठी काही वापरकर्त्यांकडून परवाना-शुल्क घेण्याचे जाहीर केले होते. शुल्क किती, हा प्रश्न गौण ठरला. उद्या मालक काय मागेल ह्या भयानेच लोक गोफरपासून दूर होऊ लागले आणि वेबकडे वळले. जुलै १९९३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे वेबच्या आज्ञावली लिहिणारे पंचविसेक जण एकत्र बसले. आणि २५ ते २७ मे १९९४ ह्या तीन दिवसांत सेर्नमध्येच कायो यांच्या पुढाकाराने पहिली आंतरराष्ट्रीय वेब परिषद भरली. सुमारे ३८० माणसे आली. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी जाळे एकच ठेवावे, त्याची शकले होऊ देऊ नयेत, ह्या चिंतेतून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वेबची प्रमाणके ठरविणारी संस्था अमेरिकेत स्थापन झाली. आज वाचक पणजीत बसून बडोद्यातील आप्ताने लिहिलेले पान कोणत्याही यंत्रावर वाचू शकतो, ह्याला समोरासमोर बसून केलेले हे करार कारण आहेत.

आता उलट बाजू. सभा वाढली की तिचा बाजार होतो, हे जत्रा पाहिलेल्यांना सांगणे नलगे. लास व्हेगस येथे १९७९ साली सुरू झालेले ‘कॉमडेक्स’ हे संगणक-व्यापाऱ्यांचे प्रदर्शन दोन लाखांहून अधिक माणसे जमवू लागले. आणि २००३ नंतर ते भरलेच नाही. फेरीवाल्यांची गर्दी एवढी व्हावी की पालखीला वाट मिळू नये, तशी त्याची गत झाली. दुसरा धोका निमंत्रणाचा. प्रकाशक टिम ओरायली हे २००३ पासून निवडक मंडळींना बोलावून शिबिर भरवीत. निवडक मंडळींत बोलणे चांगले होते हे खरे. पण ज्यांना बोलावणे नाही त्यांनी काय करावे? त्यांतील काहींनी ऑगस्ट २००५ मध्ये त्याचे उत्तर दिले. जेमतेम आठवड्याभराच्या तयारीने १९ ते २१ ऑगस्ट ह्या दिवसांत पालो आल्टो येथील एका कंपनीच्या कचेरीत त्यांनी ‘बारकॅम्प’ भरविला. निमंत्रण कोणासच नाही, म्हणून मज्जाव कोणासच नाही. विषयपत्रिका म्हणजे भिंतीवर चिकटविलेला कागद. ज्याला बोलावयाचे त्याने रिकाम्या चौकटीत आपले नाव व विषय लिहावयाचा. केवळ प्रेक्षक म्हणून कोणी येऊ नये, प्रत्येकाने काही तरी द्यावे, एवढाच दंडक. ही रीत मार्च २००६ मध्ये दिल्लीस पोहोचली आणि त्याच वर्षी चेन्नई, बंगळूर अशी पसरली.

परंतु दार उघडे ठेवले म्हणजे सगळे आत येतातच असे नाही. ह्या सभांत स्त्रिया थोड्या येत, आणि आलेल्यांपैकी अनेकींना टवाळी व त्रास सोसावा लागे. २०११ साली अमेरिकेत दोघी जणींनी ‘एडा इनिशिएटिव्ह’ नावाची संस्था काढून प्रत्येक परिषदेने लेखी आचारनियम जाहीर करावेत असा आग्रह धरला. संस्था २०१५ मध्ये बंद झाली, पण तोवर आचारनियम ही परिषदांची सामान्य रीत होऊन बसली होती. आपल्याकडचा इतिहास येथे आठवल्यावाचून राहत नाही. १८८५ च्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले होते. जे आमचे मानवी हक्क मानीत नाहीत त्यांच्या सभेशी आमचे जुळावयाचे नाही, असा त्याचा आशय होता. निमंत्रण देणे आणि जागा देणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्या पत्राने मराठी माणसास सांगून ठेवले आहे.

ह्या परिषदांचे वारे आपल्या बाजूसही येऊन गेले आहे. जिनिव्हास आरंभ झालेल्या मालिकेतील विसावी परिषद २०११ च्या मार्चअखेरीस हैदराबादेत भरली. रूबी ह्या संगणकभाषेचे भारतीय संमेलन २०१४ साली गोव्यात झाले. पण त्याहून लहान आणि आमच्या मते मोलाची गोष्ट निराळी आहे. गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश २०१३ साली मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला केला, आणि २०१५ साली कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. जिनिव्हातील १९९३ च्या त्या लेखाचेच हे गोमंतकीय भावंड होय. मराठी विकिपीडिया तर २००३ पासून चालू आहे. असे कोश एकेकट्या माणसाच्या रात्रीच्या जागरणातून वाढतात हे खरे; परंतु तो एकेकटा मनुष्य टिकून राहतो तो वर्षातून चार वेळा आपल्यासारखा दुसरा भेटतो म्हणून.

भेटीचे हे मोल २०२० साली महामारीने सर्वांस शिकविले. त्या वर्षी तैपेई येथे ठरलेली वेब परिषद पडद्यावर पार पडली. निबंध वाचले गेले, भाषणे झाली, प्रवासखर्च वाचला, आणि ज्यांना दूरदेशी जाणे कधीच परवडले नसते त्यांना घरबसल्या ऐकता आले. हा लाभ लहान नव्हे. पण चहाच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘आमचे येथे अडले आहे’ असे सांगण्याची सोय त्या पडद्यात नव्हती. होमब्रूच्या सभेचा तो दुसरा भागच गळाला होता.

आता आमच्या तीन हरकतींकडे वळू. अर्जदार ही नोंदलेली संस्था नव्हे, हे खरे. पण मोटारखान्यात जमलेली ती बत्तीस माणसेही नव्हती. महाजन कोण व परके कोण? १९३३ च्या नियमांनी देवस्थानाच्या कारभाराचा हक्क महाजनांच्या कुळांना दिला आहे. तो कारभाराचा हक्क झाला. अग्रशाळा बांधली गेली ती दुरून आलेल्याला टेकावयास जागा हवी म्हणून, आणि आमचे पूर्वज तेथे उतरणाऱ्यास आधी पाणी विचारीत, कुळ मागाहून. विषयपत्रिका नाही म्हणावे, तर ती भिंतीवर आहे. आमच्या पहिल्या अभिप्रायात कायद्याची चूक नव्हती; माणसांची ओळख नव्हती.

म्हणून आम्ही आमचा अभिप्राय फिरवून लिहिला आहे. अर्ज मान्य करावा. अट पहिली: खोलीची जबाबदारी घेणाऱ्या दोघांची नावे सचिवांकडे असावीत, आणि त्यांत एक मुलगी असावी. दुसरी: आचारनियम लिहून दारावर लावावेत. तिसरी: दुसऱ्याच्या मालकीचे काम त्याच्या अनुमतीवाचून तेथे वाटले जाऊ नये, १९७६ चे ते पत्र आमच्या ध्यानात आहे. चौथी: पादत्राणे बाहेर, आणि सायंकाळच्या आरतीपूर्वी खोली झाडून द्यावी. एका सदस्यांनी विचारले, ह्यात देवस्थानाचा लाभ काय? आम्ही सांगितले की ही मुले आज बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे जाण्याच्या वाटेवर आहेत. गावात त्यांना एकमेकांची तोंडे दिसली, तर त्यांतील दोघे-चौघे राहतील. राहिले तर पालखीला खांदा देतील. एवढा लाभ पुरेसा नाही काय?

अर्ज पुढील बैठकीत येणार आहे आणि निर्णय समितीचा आहे. तेथे आमचे मत एकच, तेही सल्लागाराचे. मात्र हे केवळ आमच्या गावचे प्रकरण नव्हे. जत्रा ते जत्रा कुलपात असलेल्या अग्रशाळा आपल्या मुलखात अनेक आहेत. वाचकांपैकी कोणी अशा समितीवर असतील, आणि उद्या त्यांच्यापुढे असाच एखादा कागद आला, तर त्यांनी हरकती काढण्यापूर्वी हे दाखले पाहावेत. आम्ही ते उशिरा पाहिले.