चाकरमान्याचा रविवार

चतुर्थीला गावी आलेले तरुण चाकरमानी हल्ली दवाखान्यात ताप-खोकला घेऊन येत नाहीत. छातीत धडधड, पित्त, झोप नाही. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग हळूच सांगतात, "डॉक्टरांनू, रविवारची सांज झाली की पोटात गोळो येता." यातले बरेच जण पुण्या-मुंबईच्या ऑडिट, टॅक्स किंवा कन्सल्टिंगच्या कचेऱ्यांत असतात. हा गोळा नवा नाही, म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

तुमचे पणजोबा गिरणीत होते का? तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम असे. साहेब दूर असायचा, छळायचा तो जॉबर. नोकरी लावणारा तोच, काढणारा तोच, अनेकदा व्याजाने पैसे देणाराही तोच. 1931 च्या व्हिटली कमिशनच्या अहवालात या पद्धतीवर टीका आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आपला रविवार असा मागून, भांडून मिळालेला आहे. लॅपटॉप घरी आला आणि तो गुपचूप परत गेला.

वैद्यकशास्त्राला जॉबरचं महत्त्व उशिरा कळलं. 1967 पासून लंडनच्या सतरा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. हृदयविकाराने जास्त मरतात ते ताणाखालचे मोठे साहेब, असा तेव्हा समज होता. निघालं उलटंच. सर्वांत खालच्या पायरीवरच्यांत मृत्यूचं प्रमाण वरच्यांच्या सुमारे तिप्पट होतं, आणि सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब करूनही सगळा फरक सुटेना. 1985 पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात एक धागा सापडला: आपल्या कामावर स्वतःचा ताबा नसणं. कधी उठायचं, काय आधी करायचं, नाही कधी म्हणायचं, हे दुसराच ठरवत असेल तर शरीर सतत सावध राहतं. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल चढे राहतात, रक्तदाब रात्रीही नीट उतरत नाही.

जपानात तर अति कामाने येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' हा वेगळा शब्दच आहे.

2024 मध्ये पुण्यात ईवायच्या कचेरीतली 26 वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागून चारच महिन्यांत गेली. सप्टेंबरात तिच्या आईचं कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सगळीकडे पसरलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. कामाचा ताण हे कारण कंपनीने मान्य केलं नाही, आणि बाहेरून मृत्यूचं कारण ठरवणं मलाही बरोबर वाटत नाही. पण त्या पत्रातली एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून टोचते. आठवडाभर छातीत आवळल्यासारखं होत होतं, ईसीजी नॉर्मल आला, आणि झोप कमी, जेवण उशिरा असं निदान झालं. असं मीही कितीदा सांगितलं आहे! "जरा आराम करा." पण आराम तिच्या हातात होता का?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अंदाजानुसार आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो. म्हणून माझ्याकडे याल तेव्हा गोळ्यांच्या यादीबरोबर मागच्या दोन आठवड्यांचे कामाचे तास लिहून आणा. किती वाजता शेवटचा मेसेज आला, तेही. रक्तदाब घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, रविवारीसुद्धा. छातीत आवळून घाम आला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर वय 26 असलं तरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. आणि जगणं नकोसं वाटू लागलं असेल, तर तेही त्याच दिवशी सांगा. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.