पिवळ्या लादीची कुळकथा

जपानच्या रेल्वे स्थानकांवर गाडी शिरण्याआधी एक सूचना हमखास कानावर पडते: पिवळ्या रेघेच्या आत थांबा. शाळेत निघालेली पोरं, ऑफिस गाठायच्या घाईतले बाबा, भाजीची पिशवी सावरणाऱ्या आजीबाई, सगळेच ती दिवसातून कितीदा तरी ऐकतात आणि ऐकल्याचं जाणवूही न देता पाऊलभर मागे सरकतात. गंमत अशी, की फलाटावर पिवळी रेघ नसतेच. असते ती पिवळ्या लाद्यांची रांग. प्रत्येक लादीवर बटणाएवढी टिंबं वर आलेली. डोळस माणसांनी तिची रेघ करून टाकली. ज्यांच्यासाठी ती बसवली त्यातल्या अनेकांना ती पिवळी आहे हे दिसतही नाही.

या लाद्या यायच्या आधी हीच सूचना ‘पांढऱ्या रेघेच्या आत’ अशी होती आणि ती रेघ खरोखरच रंगाने ओढलेली असे. पांढऱ्या रेघेच्या जागी पिवळी लादी कशी आली, याची ही गोष्ट. जपानी रेल्वेचं कौतुक वाचायची सवय झालेल्यांना थोडं खटकेल, पण ही लादी रेल्वेने शोधलेली नाही. रेल्वेच्या अंगणात ती उशिरा आली, आणि आली तीही कोर्टकचेरीच्या धुळीतून.

ओकायामा हे पश्चिम जपानातलं मध्यम आकाराचं शहर. तिथे मियाके सेइइची नावाचे गृहस्थ जपानी पद्धतीचं एक लहानसं लॉज चालवत. जन्म १९२६चा. लॉज पोटासाठी, खरा नाद काहीतरी नवीन घडवून बघायचा. अशा माणसाला आपल्याकडे ‘खटपट्या’ म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुक किती, चेष्टा किती हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी रस्त्यांवर मोटारी भराभर वाढत होत्या. अशाच एका रस्त्यावर पांढरी काठी घेतलेला एक माणूस गाडीखाली येता येता वाचलेला मियाकेंनी पाहिला. पाहिलं तर पुष्कळांनी असेल. यांच्या डोक्यातून ते गेलं नाही.

इथे दुसरं नाव येतं आणि माझ्या मते लादीचं निम्मं पितृत्व त्या नावाचं आहे. इवाहाशी हिदेयुकी हे मियाकेंचे मित्र. त्यांचे वडील इवाहाशी ताकेओ स्वतः अंध होते. ओसाकातली ‘निप्पोन लाइटहाउस’ ही अंधांसाठीची संस्था त्यांनी उभी केली आणि १९३७ साली हेलन केलर जपानला आल्या त्याही त्यांच्याच बोलावण्यावरून. वडिलांनंतर संस्थेची धुरा हिदेयुकींकडे आली. त्यांचीही नजर अधू होत चालली होती. बोलता बोलता ते मियाकेंना म्हणाले, की शेवाळ कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, हे मला बुटातूनसुद्धा कळतं.

पावसाळ्यात मागच्या अंगणातून विहिरीकडे गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. पायाखालचं शेवाळ बघावं लागत नाही, तळवा आधीच सावध होतो. पण ठाऊक असणं आणि त्यावरून काही सुचणं यात अंतर आहे. मियाकेंना सुचलं ते असं: काठीला किंवा कानाला काही नवीन शिकवत बसण्यापेक्षा जमिनीलाच बोलकं करावं. पायाला कळेल असा उंचवटा रस्त्यातच बसवावा. धाकट्या भावाला हाताशी घेऊन त्यांनी काँक्रीटचे ठोकळे ओतायला सुरुवात केली. १९६५मध्ये कल्पना आकाराला आली. मग उंचवटा किती, दोन टिंबांत अंतर किती, बुटाचा तळ जाड असेल तर काय, अशी मापं घेत दोन वर्षं गेली.

१८ मार्च १९६७ रोजी ओकायामातल्या हाराओशिमा चौकात असे २३० ठोकळे बसले. जवळच अंधशाळा होती, आणि तिच्यासमोरून राष्ट्रीय महामार्ग जात होता. जगातली ही पहिली टिंबांची वाट. एका बाजूला अडीच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या शिन्कानसेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, जगभर डंका वाजत होता. दुसऱ्या बाजूला हे २३० ठोकळे, ज्यांची दखल शहराबाहेर फारशी कुणी घेतली नाही. शिन्कानसेन खुद्द ओकायामाला पोचायला १९७२ उजाडलं. ठोकळे तिच्या पाच वर्षं आधी तिथे होते.

पुढची काही वर्षं हालाची. मियाकेंनी पदरचा पैसा घातला, संस्था काढली, ठिकठिकाणच्या कचेऱ्यांना माहिती धाडली. मागणी येईना. अंध माणसं रस्त्यावर दिसतच नाहीत, मग त्यांच्यासाठी रस्ता कशाला खोदायचा, हा सरकारी तर्क कोणत्याही देशात ओळखीचा वाटावा. ती दिसत का नाहीत, हा प्रश्न त्या तर्कात बसत नाही.

बारशाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण नाव फसवं आहे. जपानीत या लादीला ‘तेनजी बुरोक्कु’ म्हणतात. ‘तेन’ म्हणजे टिंब, ‘जी’ म्हणजे अक्षर. ‘तेनजी’ म्हणजे ब्रेल. इशिकावा कुराजी या शिक्षकाने लुई ब्रेलची सहा टिंबं जपानी अक्षरांना बसवली आणि १८९०मध्ये ती मान्य झाली, तेव्हापासूनचा हा शब्द. बुरोक्कु म्हणजे आपला ब्लॉक. पण या ब्लॉकवर ब्रेलचं एकही अक्षर नसतं. सरकारी दप्तरातलं नाव ‘दृष्टिबाधितांना वाट दाखवणारा ठोकळा’ अशा अर्थाचं लांबलचक आहे. ते कुणी तोंडी वापरत नाही, हे सांगायला नको.

या लादीला शब्द येतात ते दोनच. टिंबं म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे: रस्ता, जिना, फलाटाची कड. लांब पट्ट्या म्हणजे चल, पट्टी ज्या दिशेला त्या दिशेला. मूळचा शब्द एकच, टिंबांचा. पट्ट्या नंतर आल्या. मी ज्या कोणाला हे सांगितलं त्यांच्यापैकी बहुतेकांना दोन प्रकार असतात हेच ठाऊक नव्हतं. नक्षी आहे असं वाटलं होतं. पिवळा रंगही नक्षीसाठी नाही. अंध म्हणून नोंद झालेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं, उजेड-अंधार कळतो, ठसठशीत रंग कळतो. करड्या जमिनीवर पिवळा त्यांच्या कामाचा. सुरुवातीचे ठोकळे मात्र काँक्रीटच्याच रंगाचे होते.

आता रेल्वे. जपानमधले अंध प्रवासी फलाटाला ‘कठडा नसलेला पूल’ म्हणतात. दोन्ही बाजूंना रूळ असलेल्या फलाटावर डोळे मिटून उभं राहण्याची नुसती कल्पना केली तरी या शब्दांची धार कळते. (कल्पनाच करा, प्रयोग नको.) १९७०मध्ये ओसाकात हानवा मार्गावर अबिकोचो नावाच्या छोट्या स्थानकात पहिल्यांदा ही लादी फलाटावर चढली. तेही जवळच्या अंधशाळेने आग्रह धरला म्हणून. त्याच सुमाराला तोक्योतही ताकादानोबाबा भागातल्या रस्त्यांवर ठोकळे बसू लागले. जपानचं ब्रेल ग्रंथालय तिथलंच, त्यामुळे पांढऱ्या काठ्यांची वर्दळ मोठी. मियाकेंचा जीव भांड्यात पडला तो या कामामुळे.

पण ठोकळे रस्त्यावर बसले, स्थानकात नाही. फेब्रुवारी १९७३मध्ये याच ताकादानोबाबा स्थानकाच्या फलाटावरून एक अंध माणूस रुळांवर पडला आणि यामानोते मार्गाच्या गाडीखाली सापडून गेला. ज्या वस्तीत ठोकळे होते तिच्या स्थानकात ते नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओसाकाच्या फुकुशिमा स्थानकात दुसरा अंध प्रवासी पडला. तो वाचला, पण दोन्ही पाय गमावून. दोन्ही प्रकरणं राष्ट्रीय रेल्वेविरुद्ध कोर्टात उभी राहिली.

कोर्टापुढचा प्रश्न असा होता: फलाटावर हे ठोकळे नसणं हा फलाटाचा दोष मानायचा का? गाडी वेळेवर होती, चालकाची चूक नव्हती, फलाट मोडका नव्हता. पण जगात आता एक अशी वस्तू होती जी तिथे असती तर पाय कदाचित थांबला असता. ताकादानोबाबाच्या खटल्यात १९७९मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने मृताच्या आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. रेल्वेने वरच्या न्यायालयात दाद मागितली. ओसाकाच्या खटल्यातही वरच्या न्यायालयाने जखमी प्रवाशाची बाजू घेतली. पण मार्च १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा विचारासाठी मागे पाठवलं. कारण असं दिलं, की सुरक्षिततेचं एखादं नवं साधन कुठे नव्हतं एवढ्यावरून दोष ठरत नाही. अपघाताच्या वेळी ते साधन किती रूढ झालं होतं, त्या स्थानकात धोका किती होता, ते बसवणं किती अवघड होतं, हेही पाहिलं पाहिजे.

म्हणजे एका साध्या लादीचं वय हा न्यायालयीन प्रश्न झाला. १९६७ साली जन्मलेली वस्तू १९७३ साली ‘नवी’ की ‘रूढ’? कायद्याच्या अंगाने युक्तिवाद चूक म्हणता येत नाही. मला तो पटत मात्र नाही. नवी वस्तू रूढ करणं ज्याच्या हातात आहे त्यानेच, ती अजून रूढ नव्हती, अशी ढाल पुढे करायची, हे विचित्रच. पण खटल्यांनी व्हायचं ते काम केलं. ताकादानोबाबाच्या प्रकरणात १९८६मध्येच तडजोड झाली. वर्षभरात, १ एप्रिल १९८७ला, राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे होऊन खाजगी कंपन्या आल्या. तोवर खटल्यांच्या धाकाने आणि अंधांच्या संघटनांच्या रेट्याने पिवळ्या लाद्या फलाटाफलाटावर पोचू लागल्या होत्या. मियाकेंना हे फार पाहता आलं नाही. ते १९८२मध्ये वारले.

वाढ झाली ती बेशिस्त. ज्या कारखान्याला जसं जमेल तसं त्याने टिंबांचं माप घेतलं. एका शहरात शिकलेला तळवा दुसऱ्या शहरात गोंधळे. शेवटी २००१मध्ये राष्ट्रीय मानक ठरलं: ३० सेंटिमीटर चौरस लादीवर किमान २५ टिंबं, पाच-पाचच्या सरळ ओळींत, उंची ५ मिलिमीटर. २०१२मध्ये जागतिक मानकही आलं.

तरी फलाटावर दोन शब्द पुरेनात. टिंबं लागली की ‘थांब’ कळतं. पण रूळ समोर आहेत की पाठीशी? गर्दीत धक्का लागून एक गिरकी बसली की टिंबं दोन्ही बाजूंनी सारखीच. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला फलाटाच्या लादीला तिसरा शब्द शिकवला गेला: टिंबांना लागून, फलाटाच्या आतल्या बाजूला, एक लांब पट्टी. पट्टी ज्या अंगाला, ते अंग सुरक्षित. सूचनेतल्या ‘आत’ या शब्दाला त्या पट्टीमुळे पायाला कळणारा अर्थ आला.

जानेवारी २०११मध्ये मेजिरो स्थानकात ताकेइ मियोशी फलाटावरून पडून मरण पावले. स्पंजच्या वाजत्या चेंडूने अंधांना खेळता येईल असं टेनिस शोधून काढणारे हेच ते. मेजिरो हे यामानोते मार्गावर ताकादानोबाबाच्या लगतचं स्थानक. १९७३ आणि २०११ यांत अडतीस वर्षं आणि एका स्थानकाचं अंतर. त्यानंतर ती आतली पट्टी बसवायची घाई झाली. २०१६मध्ये आओयामा-इत्चोमे या भुयारी स्थानकात श्वान सोबत असलेला अंध प्रवासी पडून दगावला; लादी होती, कुत्रा होता, फलाटाला दार नव्हतं. खरा उपाय म्हणजे फलाटाला कठडा आणि दार. ते शिन्कानसेनच्या अतामी स्थानकात १९७४मध्येच लागलं होतं. यामानोतेवर पहिलं दार एबिसुला लागलं तेव्हा २०१० उजाडलं होतं. लादी स्वस्त असते; दारासाठी फलाट मजबूत करावा लागतो आणि प्रत्येक गाडी नेमकी दारासमोर थांबवावी लागते.

आपल्याकडे ही लादी मुंबई-पुण्याच्या मेट्रोने ओळखीची केली. फुटपाथवरही ती दिसते, आणि तिथे तिची पट्टी एखाद्या झाडाला नाहीतर विजेच्या खांबाला जाऊन धडकलेलीही दिसते. ज्याने बसवली त्याला ती नक्षी वाटली असणार, दुसरं काय. जपानमध्ये तक्रार वेगळी: लादीवर उभ्या केलेल्या सायकली, चाकांच्या बॅगा, मोबाइलमध्ये मान घालून थांबलेली माणसं. ही शेवटची तक्रार आता आपलीही आहे.

हाराओशिमा चौकात आज ‘तेनजी ब्लॉकचं उगमस्थान’ असं कोरलेला स्मारकाचा दगड आहे आणि १८ मार्च हा जपानात या लादीचा दिवस मानतात. तेवढ्या लांब जायची गरज नाही. पुढच्या वेळी मेट्रोच्या स्थानकात शिराल तेव्हा फलाटाच्या कडेपासून दूर त्या पिवळ्या लादीवर पाय ठेवून पहा. खाली न बघता, टिंबं आहेत की पट्ट्या, हे बुटातून ओळखता येतं का? आणि मग जरा बाजूला होऊन उभे राहा.