नागवेल : वसईच्या वाडीतून गॅलरीतल्या कुंडीत

वसई-विरारच्या इमारतींत गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये दोन वेली हमखास आढळतात. एक मनी प्लँट : मूळ प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा, शास्त्रीय वर्णन १८८० चे. दुसरी नागवेल. तीही आग्नेय आशियातून आलेली. पण इतकी जुनी की तिच्या पानाविना सुपारी फुटत नाही आणि पूजा मांडली जात नाही.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढे १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ गोव्यात छापला गेला. मलबारातील 'बेत्रे'ला दख्खन आणि गुजरातेत 'पान' म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. मुंबई बेट याच ओर्ताकडे पट्ट्याने होते.

वसईचा इतिहास सांगणारे बहुधा किल्ल्यापाशी आणि १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या विजयापाशी थांबतात. तटाबाहेरच्या वाड्यांकडे फारसे कोणी वळत नाही. केळी, फुले आणि पानवेल यांच्या या बागायतीचा प्राण पाण्यात होता. पांगारा, शेवरी यांसारख्या झाडांच्या आधाराने व सावलीत चढणाऱ्या नागवेलीला ओल सतत हवी, पण साचलेले पाणी चालत नाही. विहिरीवरचा रहाट ही गरज भागवी. बावखलांत साठलेले पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरे आणि समुद्राचे खारे पाणी विहिरींपासून दूर राही.

इमारतींसाठी बावखले बुजू लागली, टँकर विहिरी उपसू लागले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. ही केवळ निसर्गप्रेमाची चळवळ मानणे अपुरे ठरेल. उपजीविकेचे पाणीच पणाला लागले होते.

नागवेलीचे नर व मादी वेल वेगळे असतात आणि लागवड बियांनी न होता फुटव्यांनी होते. त्यामुळे वाडीतून खुडून आणलेला फुटवा ही जैविकदृष्ट्या तीच वेल असते. तीन-चार पेरांचा तुकडा घेऊन एक-दोन पेरे मातीत दाबावीत. मुळे पेरांतूनच फुटतात. सकाळचे कोवळे ऊन, काथ्या गुंडाळलेली काठी आणि पाणी निथळणारी कुंडी एवढे तिला पुरते. बुंध्याशी पाणी तुंबले की मूळकूज ठरलेली.

शहरातील अनेक कुंड्यांना आज मिळणारे पाणी मात्र वसईच्या विहिरीचे नसून नळाने आलेले, सूर्या प्रकल्पाचे असते.