घर रिकामे करायला आलेले बाउन्सर: कायदा काय सांगतो?

पुनर्विकास असो, थकलेले कर्ज असो की घरमालकाशी वाद, घर रिकामे करायची वेळ आली की हल्ली दारात आधी गणवेशातली खासगी माणसे उभी राहतात. त्यांचा पोशाख आणि हातातली काठी पाहून सरकारी माणसे आली असे वाटते आणि अनेक कुटुंबे कागद न मागताच सामान आवरू लागतात. म्हणून या माणसांना नेमका किती अधिकार आहे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

राखण वेगळी, ताबा वेगळा

या व्यवसायाला लागू होणारा केंद्रीय कायदा २००५ चा आहे. त्यात ‘खासगी सुरक्षा’ची व्याख्या माणसाचे किंवा मालमत्तेचे संरक्षण व राखण अशी आहे. राहत्या माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार त्यात कुठेही दिलेला नाही. याच कायद्यात पुढील तरतुदी आहेत:

- परवान्याशिवाय एजन्सी चालवल्यास १ वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- पोलीस किंवा सैन्यदलासारखा गणवेश वापरणे हा वेगळा गुन्हा आहे.
- प्रत्येक रक्षकाला फोटो असलेले ओळखपत्र देणे बंधनकारक आहे.
- सरकारी यंत्रणा असल्याचे भासवणे, न्यायालयाचा आदेश मोडणे किंवा मोडायला मदत करणे, या कारणांवरून परवाना रद्द होऊ शकतो.

मग ताबा कोण घेऊ शकतो?

गृहकर्ज थकल्यास बँकेला सरफेसी कायद्याखाली आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. घरातल्यांनी ताबा देण्यास नकार दिला, तर बँकेने जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. कर्जदाराला ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. वसुलीसाठी गुंड वापरणाऱ्या बँकांना सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच फटकारले आहे. झोपडपट्टी योजनेत निष्कासनाचा आदेश सक्षम प्राधिकारी काढतो. तो अधिकार विकासकाचा नाही.

कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढले गेल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न आड येत नाही. मात्र शासनाविरुद्ध हा दावा चालत नाही.

त्रुटी कुठे आहे?

२००५ च्या कायद्यात घर रिकामे करण्याच्या कामाबद्दल एकही स्वतंत्र नियम नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्यात तो आहे. तेथे न्यायालयाच्या आदेशाशिवाय निष्कासन हा गुन्हा असून २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आदेशाची अंमलबजावणी शेरीफ करतो. मदतीला खासगी माणसे हवी असतील तर शेरीफने न्यायालयाची परवानगी घ्यायची आणि काम संपेपर्यंत स्वतः हजर राहायचे. लाल पोशाखामुळे ‘रेड अँट्स’ म्हणजे लाल मुंग्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या माणसांवर तरीही हिंसेचे आरोप झाले आहेत. म्हणजे नियम असून भागत नाही, तो पाळला जातो की नाही हे पाहणाराही हवा.

आमच्या मागण्या

महाराष्ट्र शासनाने नियमांत स्पष्ट लिहावे: निष्कासनाच्या जागी खासगी रक्षक आदेशाशिवाय येणार नाहीत, आदेश असल्यास अधिकारी पूर्ण वेळ हजर राहील, रक्षकांची यादी आधी पोलीस ठाण्यात दिली जाईल, रक्षक माणसांना आणि सामानाला हात लावणार नाहीत, कारवाईचे चित्रीकरण होईल.

तोपर्यंत आपण काय करावे?

आदेशाची प्रत मागा. ओळखपत्र आणि एजन्सीचे नाव पाहा, फोटो काढा. अंगावर जाऊ नका. ११२ वर फोन करा. लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या आणि तिची प्रत गृह विभागातील परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याला पाठवा. पोच जपून ठेवा.

एक गोष्ट विसरू नये. काठी घेऊन उभा असलेला तरुण बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या वस्तीतलाच, रोजंदारीवर आलेला असतो. राज्यात सुरक्षा रक्षकांच्या नोकरी व कल्याणासाठी १९८१ चा कायदा आहे. त्याला त्या कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे आणि जबाबदारी त्याला पाठवणाऱ्यावर निश्चित झाली पाहिजे. गुन्हा फक्त त्या पोराच्या नावावर नोंदवून प्रकरण मिटवले, तर पुढच्या वस्तीत दुसरी पोरे आणली जातील.