पिण्याच्या व बागायती नळांचे विलगीकरण

घरगुती वापराचे पाणी नेणारे नळ बाग, हिरवळ अथवा शेत भिजविणाऱ्या नळांपासून अलग राखण्याची व्यवस्था. बागेकडे गेलेले पाणी कोणत्याही परिस्थितीत घरात परतू नये, हा तिचा हेतू होय.

नळ येण्यापूर्वी नासिक परिसरात, किंबहुना सर्व दख्खनमध्ये, अशा व्यवस्थेची वेगळी गरज नव्हती. वाड्यातील आडाचे पाणी पोहऱ्याने शेंदले जाई. मळ्यातील विहिरीचे पाणी मोटेने थारोळ्यात व तेथून पाटाने पिकात जाई. बागलाणातील मोसम व आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणीही पाटांतून उताराने फडांना मिळे. उताराने गेलेले पाणी उलट येत नाही. मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पायऱ्यांच्या विहिरींत माणसे उतरत व त्यांतून नारूचा प्रसार होई. दोन पाणी अलग होती, पण पिण्याचे पाणी शुद्ध होतेच असे नाही.

मोठ्या नगरांत हा विचार फार पूर्वी झालेला दिसतो. ऑगस्टसने रोमला आणलेले ॲल्सिएटिना जलसेतूचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याने जलयुद्धाच्या खेळांसाठी व बागांसाठी वापरीत. इ. स. ९७ मध्ये जलाधिकारी झालेल्या फ्राँटायनसच्या ग्रंथात, गढूळ पाण्याचा जुना ॲनिओ जलसेतू बागांसाठी व हलक्या कामांसाठी राखून ठेवल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियंता बेलग्राँ याने पॅरिसमध्ये घरांसाठी झऱ्यांचे पाणी आणि रस्ते व उद्याने यांसाठी ऊर्क कालव्याचे व नदीचे पाणी अशी दोन जाळी उभारली. बहुतेक शहरांना हा दुहेरी खर्च परवडला नाही. तेथे स्वयंपाकघर आणि बाग एकाच दाबयुक्त नळाला जोडली गेली.

धोका येथूनच सुरू झाला. नळातील दाब वातावरणाच्या दाबाहून कमी झाला की, तोंडाशी साचलेले पाणी आत ओढले जाते. खताच्या बादलीत बुडलेली रबरी नळी तेवढ्यास पुरते. याचे बोलके उदाहरण १९६९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात, वुस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात घडले. तेथील सरावाचे मैदान भिजविणाऱ्या तोट्या जमिनीतील खड्ड्यांत बसविलेल्या होत्या. जवळच्या घरातील काविळीची लागण झालेली मुले तेथे खेळत असत व खड्ड्यांत साचलेले पाणी दूषित झाले होते. शहरात लागलेली आग विझविण्यासाठी पाण्याचा मोठा उपसा झाला, नळातील दाब घटला आणि ते पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात शिरले. फुटबॉल चमूतील सुमारे नव्वद जणांना संसर्ग झाला. दोन सामन्यांनंतर त्या हंगामातील उर्वरित सामने रद्द करावे लागले.

नासिकमध्ये आगीची वाट पाहावी लागत नाही. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाचे पाणी शहरालाही मिळते व कालव्याने शेतीलाही. तेथवर दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. त्या एकत्र येतात त्या घराच्या आवारात. बहुतेक भारतीय शहरांप्रमाणे येथेही नळाला पाणी ठराविक वेळीच येते. उरलेल्या वेळी नळ रिकामे असतात, आणि पुरवठा थांबताना त्यांत चूषण निर्माण होऊ शकते. नळावर परस्पर पंप लावल्यास ते वाढते. आवारातील कूपनलिकेचे बागेसाठीचे पाणी नळाच्या पाण्याला जोडलेले असल्यास, मधली एकच झडप गळकी झाली तरी दोन्ही पाणी मिसळतात. इमारतींतील पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानक संहितेने (१९८३) पिण्यायोग्य व अयोग्य पाण्याच्या नळांची अशी जोडणी पूर्णतः निषिद्ध ठरविली आहे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे हवेची फट. बागेच्या टाकीत पाणी सोडणारी तोटी टाकीच्या काठापासून निदान आपल्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर ठेवतात. हिला यंत्र लागत नाही, म्हणून ती बिघडतही नाही. एकदिश झडपेत कचरा अडकल्यास ती उघडी राहते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. जिल्ह्यातील द्राक्षबागांत ठिबक सिंचनातून खते दिली जातात, तेथे पंप अचानक बंद पडल्यास खताचे द्रावण उलट विहिरीत उतरू शकते. वस्तीचे पिण्याचे पाणी त्याच विहिरीचे असेल, तर खताच्या जोडणीपूर्वी मुख्य नळावर एकदिश झडप व हवा आत घेणारी झडप अशा दोन्ही बसवाव्या लागतात.